धरणाच्या माथ्यावरची तहान

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची कारणे म्हणून वायू, उदक, देश व काल या चार भावांची विकृती वर्णिली आहे. हा अध्याय आपण बहुधा साथीच्या रोगांपुरताच वाचतो. भोर व वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील डोंगरी वस्त्यांत तो निराळ्या रीतीने वाचावा लागतो.

पानशेतचे पाणी पुण्याच्या नळांना, भाटघर (१९२८) व नीरा देवघरचे पाणी बारामती-फलटणकडील शेतीला जाते. धरणांच्या वरच्या अंगाला, हिरडस मावळातील उंचावरच्या वाड्यांना मात्र चैत्र-वैशाखात झऱ्याचाच आधार. पाऊस येथे थोडा नाही. पण काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही आणि रान विरळ झाले की तेवढेही मुरत नाही. त्यात कालविकृतीची भर. मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीचे व्यापक प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखविले.

झरा आटला की खेप लांबते, आणि खेप बाईचीच. चुंबळीवर दोन हंडे म्हणजे पंचवीस-तीस किलोंचे ओझे. चरकोक्त तेरा अधारणीय वेगांपैकी मूत्र, पिपासा, निद्रा व श्रमश्वास हे चार ती या एका कामासाठी रोज अडविते: पहाटे झोप मोडून निघते, आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पिते, चढावर दम लागला तरी थांबत नाही, कारण मागे रांग असते. मग मूत्रकृच्छ्र, कटिशूल आणि बाळंतपणानंतर लवकर ओझे उचलणाऱ्या स्त्रीत योनिभ्रंश. घरी परतल्यावर चुलीचा धूर आहेच.

मूत्रवेगधारणावर शास्त्राने स्वेद, अवगाह, अभ्यंग व बस्ती सांगितले आहेत. जिच्या घरात दिवसाला चार हंडे येतात, तिला अवगाह कसा सांगावा? ‘भरपूर पाणी प्या’ हा आपला ठरलेला सल्लाही तिला थट्टाच वाटत असावा. गोक्षुरादि गुग्गुळाने तात्पुरता उपशम मिळेलही. परंतु निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा मानली, तर येथले निदान डोंगराखालच्या पाणवठ्यावर आहे.

म्हणून फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात अशा रुग्णेच्या केसपेपरवर पाणवठ्याचे अंतर व खेपांची संख्या नाडीपरीक्षेइतक्याच काळजीने नोंदवावी. नळयोजना झाली, पण उद्भव आटला, अशा वाडीचा प्रश्न ग्रामसभेत मांडताना रुग्णांची नावे वगळून केलेल्या या नोंदी स्त्रियांच्या हाती देता येतात.