कागद खरा, पण कशापुरता?

आज बोलायचं आहे घर विकत घेण्याविषयी. शहरातल्या फ्लॅटविषयी नाही. गावातलं जुनं घर, नाहीतर गावाला लागून निघालेली गुंठा-दोन गुंठे जागा, याविषयी. गटातून कर्ज उचलून, डाग मोडून बायका आता अशी खरेदी करतात. विकणारा एक प्लास्टिकची पिशवी पुढं करतो आणि म्हणतो, "ताई, कागद सगळे क्लिअर आहेत." पिशवीत असतो नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, लाइट बिल, आणि स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं काहीतरी. हे कागद बहुतेक वेळा खोटे नसतात. अडचण दुसरीच आहे. प्रत्येक कागद एका ठरावीक गोष्टीची साक्ष देतो, आणि आपण त्याच्याकडून सगळ्याच गोष्टींची साक्ष धरून चालतो. म्हणून कागद हातात आला की आधी विचारायचं, हा कुणी केला, कशासाठी केला, आणि करताना त्यानं नेमकं काय पाहिलं?

नमुना ८ घ्या. ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची, एवढ्यासाठी ती ठेवतात. पट्टी भरणारा मालक असेलच असं नाही. भाऊ भरत असेल, वर्षानुवर्षं राहणारा पाहुणा भरत असेल. म्हणून नमुना ८ वर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं कोर्ट मानत नाही. त्यात आणखी एक घोळ होतो. तलाठ्याकडे 'आठ अ' नावाचा खातेउतारा मिळतो, तो शेतजमिनीचा. बोलताना लोक दोन्हींना 'आठचा उतारा' म्हणतात. आपल्याला दाखवलेला कुठला आहे, ते वरचं शीर्षक वाचून बघा. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या बदलल्या म्हणून गोंधळू नका.)

जागा गावठाणाबाहेर असेल तर सातबारा असतो. तोही मुळात महसुलाचाच कागद. त्यावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. पण वाद कोर्टात गेला तर फक्त सातबाऱ्यावर मालकी ठरत नाही, आधीची खरेदीखतं, वाटणीपत्र, फेरफार असं सगळं पाहिलं जातं. ऑनलाइन फुकट दिसतो तो उतारा फक्त माहितीसाठी. डिजिटल सहीचा, १५ रुपयांना मिळतो, तो घ्या. आणि तो विकणाऱ्याच्या पिशवीतून न घेता स्वतः काढा. नाव वाचून थांबू नका. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं. 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलं असेल तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि शेतातून गुंठा-दोन गुंठे तोडून मिळत असतील तर तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. त्या कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, पण त्या आपल्या त्याच गटाला लागू आहेत का, हे तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय विसार देऊ नका.

आता तो स्टॅम्पपेपर. शंभराचा असो नाहीतर पाचशेचा, नोटरीचा लाल शिक्का पाहून आपल्याला धीर येतो. नोटरी फक्त एवढं सांगतो की या माणसानं माझ्यासमोर सही केली. शंभर रुपयांहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, हा १९०८ सालचा कायदा आहे. पण नोंदणी झाली म्हणजेही सारं पक्कं झालं असं नाही. तिथं नोंद होते ती दस्ताची. विकणाऱ्याला विकायचा पूर्ण हक्क आहे की नाही, याची हमी ते कार्यालय देत नाही. म्हणून वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यायचा असतो. या जागेचे आधी कुठले दस्त झाले, ते त्यात निघतं.

आणि शोध अहवालातही जे सहसा दिसत नाही, ते म्हणजे विकणाऱ्याच्या बहिणी. वडील गेले, वारसनोंद करताना फक्त भावांची नावं लागली, असं गावोगाव आहे. हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली आला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झालेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा घर घेताना विचारा, बहिणी किती? त्यांचं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र आहे का? नसेल तर खरेदीखतावर त्यांच्या सह्या हव्यात. "बहिणी काही मागणार नाहीत" हे भावानं सांगायचं नसतं, बहिणीनं सांगायचं असतं. आपणही कुणाच्या तरी बहिणी आहोत. आपली सही न घेता आपल्या माहेरचं घर विकलेलं आपल्याला चालेल का?

गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. त्यांच्यासाठी आता ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात याचा प्रयोग आधी झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. माझ्या मते गावातल्या घरासाठी आजवर निघालेल्या कागदांत हा सर्वांत कामाचा आहे. तरी तो कसा तयार झाला हे माहीत असू द्या. ड्रोनला वरून छप्पर दिसतं. छप्पर भिंतीच्या पुढं आलेलं असतं. पागोळीखालची जागा कुणाची, मधली भिंत सामाईक की एकाची, मागची बोळ वहिवाटीची की शेजाऱ्याची, हे वरून कसं कळणार? म्हणून उड्डाणाआधी जमिनीवर चुन्याच्या रेषा मारतात, आणि त्या गावकरी दाखवतील तशा मारल्या जातात. त्या आठवड्यात जे कुटुंब ऊसतोडीला गेलं असेल, त्याची रेष शेजारी दाखवणार. पुढं चौकशी होते, हरकती घेतात. पण गावात नसलेलं माणूस हरकत घेणार कसं? म्हणून पत्रिका हातात आली की नकाशा घेऊन शेजाऱ्यांकडे जा आणि त्यांना रेषा मान्य आहे का ते त्यांच्याच तोंडून ऐका. नकाशा १:५०० प्रमाणात असेल तर जमिनीवरचा एक फूट कागदावर अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच जास्त होतो, म्हणजे पेन्सिलीची रेघच. फूटभराचा वाद नकाशाकडे बघून मिटत नाही. त्यावर लिहिलेली मापं वाचा आणि टेप लावून जागेवर पडताळा.

सातबाऱ्याच्या जागेची हद्द कायम करायची तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते. भूकरमापक येतो, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, आणि शेवटी 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो. त्यात रेकॉर्डप्रमाणे हद्द कुठं आणि प्रत्यक्ष वहिवाट कुठं, दोन्ही कळतं. या दोन रेषा एकमेकींवर नसतील तर तुम्ही जागेबरोबर भांडणही विकत घेताय. मोजणीचा अर्ज रेकॉर्डला नाव असलेल्यानंच करायचा असतो, म्हणून व्यवहार ठरतानाच सांगा, मोजणी तुम्ही करून द्या, मग पुढचं. खासगी माणूस टेप घेऊन येतो त्याची मोजणी अंदाजापुरती ठीक. आणि माप कशात आहे ते बघा: गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, उताऱ्यावरचा आर त्याहून जरा लहान, सुमारे १०७६ चौरस फूट.

बँकेचं कर्ज असेल तर बँक मूल्यांकनकार पाठवते. "बँकेनं पास केलं म्हणजे घर चांगलं" असं आपण धरतो. तो माणूस बँकेसाठी आलेला असतो. कर्ज बुडालं तर हे घर विकून पैसे निघतील का, एवढंच त्यानं बघायचं. स्लॅबमधून पाणी गळतं का, हे त्याच्या अहवालात असेलच असं नाही.

खुद्द घर तपासून देणारा कागद आपल्याकडे रूढच नाही. ते काम आपलं आणि गावातल्या जाणत्या गवंड्याचं. त्याची दिवसाची मजुरी द्या आणि घेऊन जा. काळ्या मातीवरचं घर पावसात फुगतं, उन्हाळ्यात बसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग त्याची खूण. नुकताच रंग दिलेली एकच भिंत दिसली तर विचारा, हीच का? स्लॅबचा गिलावा सुटून गज गंजलेले दिसतात का, चौकटीत वाळवी आहे का, पाहा. फ्रिजवर विजेच्या बचतीचे तारे छापलेले असतात, तसे घरावर नसतात. पण लाइट बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट असतात, ते वाचा. ते आकडे राहणाऱ्याच्या सवयीचे आहेत, घराचे नाहीत, हे धरूनच वाचा. पत्र्याचं घर किती तापतं हे कळायचं तर वैशाखात दुपारी दोनला तिथं तासभर बसावं, त्याला दुसरा उपाय नाही. बिलावरची थकबाकी मात्र नीट बघा. मागच्या मालकाची बाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.

राहिलं नाव. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे; नवऱ्याबरोबर संयुक्त घेतलं तर ती मिळत नाही. खरेदीखत झालं की फेरफाराची नोंद लावून घ्या. नोटिशीनंतर १५ दिवस हरकतीसाठी असतात, तोवर नोंद मंजूर होत नाही, म्हणून महिन्याभरानं पुन्हा उतारा काढून नाव लागलं का ते पाहा. घर आधीच नवऱ्याच्या नावावर असेल तर नमुना ८ वर दोघांची नावं लावण्याबद्दल राज्य सरकारचा २००३ चा निर्णय आहे. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा आणि पोच घ्यायची.