मेटल डिटेक्टरने खजिना सापडतो का? विकत घेण्याआधी यंत्र समजून घ्या आणि कायदाही

मार्च २०२५. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांमध्ये रात्री माणसांची झुंबड उडाली. कुणाच्या हातात कुदळ, कुणाकडे चाळणी, मोबाइलचे टॉर्च आणि काहींकडे चक्क मेटल डिटेक्टर. महिनाभरापूर्वी ‘छावा’ चित्रपट आला होता, त्यात बुऱ्हाणपूरवरचा छापा होता आणि मुघलांचं सोनं इथंच पुरलंय अशी आवई उठली होती. व्हिडिओ व्हायरल झाले, पोलीस आले, शेतात खड्डे तेवढे उरले.

हे यंत्र आता ऑनलाइन सहज मागवता येतं. मातीतून नाणी काढणाऱ्या परदेशी रील्सही आपल्या फोनवर रोज येतात. त्यामुळे ‘आपणही एक घेऊन बघू’ असं वाटणं साहजिक आहे. पण त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. हे यंत्र नेमकं काय ओळखतं? आणि त्यातून जे सापडेल ते आपलं असतं का?

यंत्र चालतं कसं?

मॉलच्या दारात सिक्युरिटी गार्ड आपल्या अंगावरून जी पट्टी फिरवतो, तिचाच हा मोठा भाऊ. लांब दांडा आणि खाली ताटासारखी गोल चकती, म्हणजे कॉइल. कॉइलमधून दिशा बदलत राहणारी वीज जाते. नवशिक्यांमध्ये वर्षानुवर्षं लोकप्रिय असलेलं ‘गॅरेट एस २५०’ साडेसहा किलोहर्ट्झवर चालतं, म्हणजे सेकंदाला साडेसहा हजार आवर्तनं. त्यामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की धातूच्या अंगात छोटे गोल प्रवाह फिरू लागतात, ज्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह स्वतःचं बारीकसं क्षेत्र तयार करतात, ते कॉइलमधली दुसरी तार पकडते आणि यंत्र ‘टिंग’ करतं.

परत आलेला सिग्नल किती उशिरा आला, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. लोखंड एका टोकाला, चांदी-तांबं दुसऱ्या टोकाला. आणि सोनं? गोची इथंच आहे. सोन्याची छोटी अंगठी मधल्या पट्ट्यात येते आणि नेमक्या त्याच पट्ट्यात ॲल्युमिनियमची फॉइल आणि कोल्ड्रिंकच्या कॅनची कडीही येते. साध्या डिटेक्टरला दोन्ही सारखेच. म्हणजे कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केला की अंगठीही गेली.

खोलीचंही तसंच. सुरुवातीच्या किमतीतलं यंत्र नाण्याएवढी वस्तू साधारण सहा ते आठ इंचांपर्यंत पकडतं. जमीन वाईट असेल तर त्याहून कमी. ‘वीस फूट खालचं सोनं दाखवणारं’ किंवा ‘अर्ध्या किलोमीटरवरून दिशा सांगणारं’ यंत्र कुणी विकत असेल, तर सरळ फोन ठेवा. अशा यंत्रांनी सरकारांनाही फसवलंय. ‘एडीई ६५१’ नावाचं बनावट बॉम्बशोधक यंत्र इराकला विकणाऱ्या ब्रिटिश व्यावसायिकाला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ते यंत्र मुळात हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यावरून बनवलेलं होतं!

आपली जमीन सोपी नाही

यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ इंग्लंडच्या मऊ, हिरव्या शेतांतले असतात. आपल्याकडे दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे काळा कातळ आणि त्याच्यापासून झालेली माती. तिच्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. कोरड्या मातीत चुंबक फिरवून बघा, काळे कण चिकटून येतील. कोकणातल्या जांभ्यातही लोह भरपूर. यंत्राला ही माती स्वतःच धातूसारखी ‘ऐकू’ येते आणि ते विनाकारण किरकिरत राहतं. समुद्रकिनाऱ्यावर ओली खारी वाळू वीज वाहून नेते, तिथंही तोच त्रास.

म्हणून घेताना चकचकीत स्क्रीनपेक्षा दोन गोष्टी बघाव्यात. एक, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वजा करण्याची सोय. दुसरी, किनाऱ्यावर वापरायचं असेल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं मॉडेल. ‘मिनलॅब व्हँक्विश’ ही त्या प्रकारातली सुरुवातीची मालिका. माझ्या मते आपल्या मातीत ग्राउंड बॅलन्स नसलेलं स्वस्त यंत्र घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

सराव अंगणातच करा. एक पितळी किल्ली, एक खिळा, फॉइलचा गोळा आणि दोन-तीन नाणी वेगवेगळ्या खोलीवर पुरून ठेवा आणि प्रत्येकाचा आवाज ऐका. इथं एक गंमत आहे. आपलं एक रुपयाचं स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटतं, त्यामुळे त्याचा आकडा स्क्रीनवर स्थिर राहीलच असं नाही. कॉइल जमिनीपासून एक-दोन इंचांवर, जमिनीला समांतर ठेवायची आणि संथ फिरवायची. झाडू मारल्यासारखी टोकाला वर उचलली की खोली गेली. सिग्नल मिळाला की नव्वद अंशात वळून पुन्हा तपासायचं. आवाज तसाच राहिला तर वस्तू गोलसर असण्याची शक्यता जास्त, तुटक झाला तर बहुधा खिळा. खणायला खुरपं पुरतं. गवताचा गड्डा अख्खा उचलायचा आणि नंतर पुन्हा बसवायचा.

सापडलं तर कुणाचं?

आपल्याकडे यासाठी १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आहे. जमिनीत लपवलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे सगळं. १० रुपये ही मर्यादा १८७८ ची आहे, त्यामुळे आज जवळपास सगळंच तिच्यात बसतं. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण कळवलं म्हणजे सगळं गेलं, असं नाही. खजिना बेवारस ठरला आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला, अशी वाटणी कायद्यातच आहे. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. ही भरपाई धातूची आहे, इतिहासाची नाही. कायदा बदलायला हवा तो इथं, असं मला वाटतं. दुर्मीळ तांब्याच्या नाण्याला तांब्याचा भाव मिळणार असेल तर कळवायला कोण जाईल?

शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं किंवा मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित गडकिल्ल्यांवर तर परवानगीशिवाय खणायचंच नाही. गडावर ट्रेकला जाताना डिटेक्टर सोबत नेण्याचा विचार असेल, तर तो घरीच ठेवा.

इंग्लंडमधलं एक उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखं आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफकमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला आलेल्या एरिक लॉज यांच्या डिटेक्टरला रोमन काळातले सोन्या-चांदीचे जिन्नस लागले. थोडं वर काढल्यावर ते थांबले आणि अधिकाऱ्यांना कळवलं. मग पुरातत्त्वज्ञांनी जागच्या जागी उत्खनन केलं. सुमारे १५,००० नाणी निघाली. कोणती वस्तू पेटीत कुठे ठेवली होती, हेही कळलं, कारण ती कुणी उपसली नव्हती. लॉज यांना साडेसतरा लाख पौंड मिळाले आणि त्यांनी त्यात शेतकऱ्यालाही वाटा दिला. पुढे १९९६ मध्ये तिथं नवा ट्रेझर ॲक्ट झाला, १९९७ पासून साध्या वस्तूंचीही नोंद करणारी योजना सुरू झाली आणि तिच्यात आजवर १५ लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. तिथं राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा छंद सुरू केला, तर जमीनमालकाची परवानगी आणि खजिना सापडल्यास १४ दिवसांत कळवणं, हे दोन नियम आधी लक्षात ठेवावेत.

आपल्या स्वतःच्या शेतात नांगरताना किंवा हरवलेली अंगठी शोधताना खरंच जुनं काही लागलं, तर खणणं तिथंच थांबवा. वस्तू घासू-धुऊ नका, चिंचेने तर अजिबात नको. खड्ड्यासकट फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, वर माती लोटा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. आणि हो, हॉक्सनचा तो हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.