नंदाघरची दोन लेकरे

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री घरोघरी पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकाला झाला की उत्सवाची सांगता होते. परंतु जन्म आणि काला यांच्या मध्ये काही वर्षे गेली आहेत. त्या वर्षांत ते बाळ पालथे पडले, रांगले, पडले, रडले, माती खाऊ लागले. त्या दिवसांत त्या घरातील स्त्रियांची काय त्रेधा उडाली असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही. श्रीमद्भागवतकारांनी मात्र तो केला आहे. दशमस्कंधाच्या सहाव्यापासून अकराव्यापर्यंतचे अध्याय जितके भगवंताच्या लीलांचे आहेत, तितकेच ते लहान मुलांच्या घराचेही आहेत.

हे सांगण्याचे कारण असे की, कीर्तन संपून आरतीचे तबक फिरू लागले की एखादी तरुण माता कडेवरचे मूल सावरीत पुढे येते आणि एकच प्रश्न विचारते. 'बुवा, थोरला अडीच वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची. पूजा राहिली, पोथी राहिली, शुक्रवारची कहाणीही पुरी ऐकता येत नाही. देव रागावला असेल का हो?' प्रश्न विचारताना तिचे डोळे भरून आलेले असतात. कित्येकदा घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्याने ते आधीच भरलेले असतात. या प्रश्नाचे उत्तर आम्ही आमच्या पदरचे देत नाही. त्यासाठी नंदाच्या घरीच जावे लागते.

दोन बाळे, दोन आया

नंदाच्या घरी लेकरे दोन होती, हे आपण विसरतो. वसुदेवाची पत्नी रोहिणी कंसाच्या भयाने गोकुळात येऊन राहिली होती. पती दूर मथुरेत, आपण दुसऱ्याच्या घरी, आणि मांडीवर बलराम. यशोदेच्या मांडीवर श्रीकृष्ण. गर्गाचार्यांनी दोघांचे नामकरण गाजावाजा न करता गाईंच्या गोठ्यात उरकले, आणि मग त्या घरात दोन मुले रांगू लागली.

येथे संस्कृताची एक खूण ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठीत एकवचन आणि अनेकवचन एवढेच आहे. संस्कृतात द्विवचनही आहे. आठव्या अध्यायातील रांगण्याचे श्लोक पाहावेत. रांगणारे दोघे, चिखलात लोळणारे दोघे, आणि त्यांना उचलून पोटाशी धरणाऱ्या आयाही दोघी. भाषांतरात हे द्विवचन निसटते आणि आपल्या डोळ्यांसमोर एकटा कृष्ण आणि एकटी यशोदा उभी राहते. व्यासांनी मात्र दोन बाळांमागे दोन माता उभ्या केल्या आहेत.

आणि त्या बाळांचे वर्णन तरी किती घरगुती! घुंगरांचा नाद करीत ती दोघे गोठ्यातील चिखलात सरपटतात. वाटेने जाणाऱ्या माणसाच्या मागे आपलेच समजून जातात आणि तोंड परके दिसताच घाबरून आईकडे परततात. आया त्यांना चिखलासकट उचलतात, दूध पाजतात आणि नुकते फुटलेले इवलेसे दात पाहून हरखून जातात. थोडी मोठी झाल्यावर मुले वासरांची शेपटे धरतात, वासरे पळतात, मुले फरफटत जातात आणि गोपी हातातले काम टाकून हसत सुटतात.

याच्या लगेच पुढे जो श्लोक आहे, तो प्रत्येक मातेने ऐकून ठेवावा असा आहे. त्यात भागवतकारांनी धोक्यांची यादीच दिली आहे. शिंगांची जनावरे, विस्तव, दाढांचे प्राणी, तलवार, पाणी, पक्षी, काटे. अति चंचल मुलांना यांपासून आवरता आवरता त्या दोघींना घरची कामे करता येईनात आणि त्यांच्या मनाला स्वस्थता राहिली नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्यांच्या अंगणात प्रत्यक्ष परब्रह्म रांगत होते, त्यांचीही घरची कामे राहिली! मग तुमच्याआमच्या लेकी-सुनांची राहिली, तर त्यात नवल ते काय?

आजच्या घरातील यादी वेगळी आहे, इतकेच. विजेचे खटके, उकळता चहा, अर्धी भरलेली बादली, टेबलाच्या कडेवर ठेवलेली औषधाची गोळी. सणाच्या दिवशी त्यात समई, निरांजन आणि उदबत्ती यांची भर पडते. प्रसादातला शेंगदाणा किंवा फुटाणा रांगत्या मुलाच्या हाती लागला तर घशात अडकतो. म्हणून अष्टमीला देवघराची आरास करताना मुलाचा हात कोठवर पोहोचतो, हे आधी पाहावे. ही दक्षता म्हणजे पूजेतला व्यत्यय नव्हे. ती पूजेचाच भाग समजावी.

सोवळ्याचा प्रश्न

आता घाणीविषयी. तान्ह्या मुलाचे घर म्हटले की ओली दुपटी, सांडलेला वरणभात आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पुन्हा ओघळ. आई सोवळ्यात नैवेद्य शिजवीत असते आणि नेमके तेव्हाच धाकटे येऊन पायांना मिठी मारते. मग वडीलधारी मंडळी म्हणतात, 'शिवलास का? आता सगळे पुन्हा करावे लागणार!'

भागवत या बाबतीत मुळीच सोवळे पाळीत नाही. गोपी यशोदेकडे गाऱ्हाणी घेऊन येतात, तेव्हा लोणी चोरले, वेळी-अवेळी वासरे सोडली, माकडांना खाऊ घातले, मडकी फोडली, निजलेल्या बाळांना रडवले, हे सारे त्या सांगतातच. पण स्वच्छ सारवलेल्या घरात हा लघवी करून जातो, हेही सांगतात. व्यासांना ते गाळता आले असते. त्यांनी गाळले नाही. आणि यशोदा काय करते? समोर साळसूदपणे उभ्या असलेल्या लेकाचे भ्यालेले डोळे पाहून तिला हसू येते. रागवावेसे तिला वाटतच नाही.

शास्त्राचाच आधार हवा असेल, तर गौतमधर्मसूत्राचा दुसरा अध्याय उघडावा. उपनयनापूर्वी मुलाने हवे तसे वागावे, बोलावे, खावे, अशी मोकळीक तेथे आरंभीच दिली आहे. आणि त्याच्या स्पर्शाने अशौच येत नाही, असाही निर्वाळा दिला आहे. सूत्रकारांना घरात लेकरे असतात हे ठाऊक होते. आपणच ते विसरतो आणि देवाच्या नावाने मुलावर ओरडतो. 'देवाला शिवू नकोस' हेच शब्द ज्याने पहिल्यांदा ऐकले, त्या मुलाला देव म्हणजे रागावणारा कोणी, असेच वाटणार.

एकटीची सकाळ

दामोदरलीलेची कथा सर्वांना परिचित आहे. पण नवव्या अध्यायाचा आरंभ फार थोडे लोक लक्षपूर्वक ऐकतात. घरातील दासी अन्य कामांत गुंतल्या होत्या, म्हणून यशोदा स्वतः दही घुसळीत बसली होती, असे तेथे सांगितले आहे. त्या प्रसंगात रोहिणीचेही नाव नाही. म्हणजे त्या सकाळी यशोदा एकटी होती.

मग जे घडले, ते कोणत्याही आईने ओळखावे. मूल भुकेले होऊन आले आणि त्याने रवी धरली. तिने त्याला पाजायला घेतले. तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले. मुलाचे पोट भरण्याआधीच त्याला खाली ठेवून ती धावली. मूल रागावले, दह्याचा डेरा फोडला आणि आत जाऊन लोणी खाऊ लागले. यशोदा परत येऊन पाहते तो सर्वत्र दही सांडलेले. तेव्हा ती आधी हसली, हे भागवतकारांनी आवर्जून नोंदले आहे. मग काठी उचलली, मुलामागे धावली, त्याला पकडले. पण ते घाबरलेले पाहताच तिने काठी टाकून दिली.

पुढे दोरीची कथा. बांधू जाता दोरी दोन बोटे अपुरी पडे. दुसरी जोडली, तरी दोनच बोटे अपुरी. घरातल्या दोऱ्या संपल्या. यशोदेला घाम फुटला, केसांतील फुले गळाली. तिचे ते श्रम पाहून कृपेने तो स्वतःच बांधला गेला. त्या दोन बोटांपैकी एक भक्ताच्या श्रमाचे आणि दुसरे भगवंताच्या कृपेचे, असा अर्थ टीकाकार सांगतात. आम्ही त्यात इतकेच म्हणतो की, येथे जे श्रम फळाला आले ते जपाचे नव्हते, यज्ञाचे नव्हते. दोन वर्षांच्या पोरामागे धावून थकलेल्या आईचे ते श्रम होते. ब्रह्मदेवाला, शंकराला, एवढेच काय, अंगावर विसावलेल्या लक्ष्मीलाही जो प्रसाद मिळाला नाही, तो या गौळणीला मिळाला, असे शुकाचार्यांनी त्याच अध्यायात सांगितले आहे. 'माझी पूजा राहिली' म्हणणाऱ्या मातेला आमचे हेच उत्तर आहे.

दोष कोणी दिला नाही

परंतु एवढे सांगून थांबलो, तर तिची आम्ही गोड शब्दांवरच बोळवण केली असे होईल. कारण तिचे श्रम थोर आहेत असे म्हणत ते सारे तिच्या एकटीवर टाकून देणे, ही गोकुळाची रीत नव्हे.

गाडा उलटला, तेव्हा यशोदा आल्यागेल्यांच्या सत्कारात गढली होती आणि बाळाचे रडणे तिला ऐकू गेले नव्हते. तृणावर्त आला, तेव्हा मांडीवरचे मूल जड वाटून तिने खाली ठेवले होते. दोन्ही वेळा क्षणाचीच चूकभूल. त्यावर गोकुळात कोणी 'तुझे लक्ष कोठे होते?' असे विचारल्याचे भागवतात नाही. यशोदा रडू लागली, तेव्हा गोपी तिच्यासह रडल्या. पूतनेच्या प्रसंगानंतर यशोदा-रोहिणींच्या जोडीने सर्वजणींनी बाळावरून गाईचे शेपूट फिरवून रक्षाविधी केला. यमलार्जुन कोसळले आणि उखळाला बांधलेले मूल नंदाने पाहिले, तेव्हा त्याने पत्नीला जाब विचारला नाही; हसत हसत दोरी सोडली. आणि नदीकाठी खेळणाऱ्या दोघांना हाका मारून रोहिणी थकली, मुले येईनात, तेव्हा तिने यशोदेला पाठविले. एकीचा आवाज बसला की दुसरीने हाक मारायची. मग यशोदेने 'बाबा जेवायचे थांबले आहेत, अंग किती मळले आहे, आज तुझे जन्मनक्षत्र' अशा नाना परींनी समजावीत दोघांना हाताला धरून घरी आणले.

आजच्या दोन खोल्यांच्या घरात रोहिणी नाही, गोपी नाहीत. बहुधा दोनच मोठी माणसे, आणि दोघांनाही कामावर जायचे. अशा घरात रोहिणीची जागा कोणी घ्यायची? पित्याने, आजोबांनी, आत्याने, शेजारणीने. जो घरात असेल त्याने. म्हणून या अष्टमीला पुरुषमंडळींना आमची विनंती आहे. पूजेची तयारी तुम्ही करा, किंवा मुले तुम्ही सांभाळा. दोन्ही तिच्यावर टाकू नका. अंगावर पाजणाऱ्या मातेला निर्जळी उपवासाचा आग्रह धरू नका. पाणी, फळ, कंदमूळ, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे स्मृतिवचनच आहे. मध्यरात्री जन्माच्या वेळी ती मुलांजवळ झोपी गेलेली असेल, तर तिला उठवू नका. तिच्या वाट्याचा सुंठवडा झाकून ठेवा.

तसे पाहिले तर श्रावण हा लेकरांचाच महिना आहे. शुक्रवारी जिवतीच्या कागदासमोर माता मुलांचे औक्षण करते. त्या चित्रातही जिवत्यांच्या मांडीवर आणि भोवती मुलेच मुले असतात. अष्टमीनंतर सात दिवसांनी पिठोरी अमावास्या येते. त्या दिवशी आई मस्तकावर वाण धरून मागे न पाहता विचारते, 'अतिथी कोण?' आणि मागून चिमुकला आवाज येतो, 'मी आहे.' अतिथी हा देव असतो, असे आपण मानतो. तो पायांत येतो, सांडतो, फोडतो, रात्री-अपरात्री उठवतो, आणि चार वर्षांत एवढा मोठा होतो की कडेवर बसेनासा होतो. तोवर त्याची सेवा ज्यांच्या हातून घडते आहे, त्यांची पूजा राहिलेली नाही. नंदाघरी नांदलेला गोपाळकृष्ण त्या सर्व मातांना बळ देवो, आणि त्यांच्या घरच्या माणसांना त्यांचा भार वाटून घेण्याची बुद्धी देवो.