पेनड्राइव्हवरचा संगणक



मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. म्हणून पनवेलच्या घरातला जुना संगणक लगेच भंगारात घालू नका. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये काढलेली 'पपी लिनक्स' ही प्रणाली फुकट मिळते व पेनड्राइव्हवरून चालते. सुरू होताना ती रॅममध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात उतरते. हार्ड डिस्क मेली असली तरी लेखन, इंटरनेट सारे चालू! पण वीज गेली की हे स्मरण कोरे. पहिल्यांदा बंद करताना 'जतन करायचे का' असे ती विचारते, तेव्हा हो म्हणा, नाहीतर पोराने मांडलेला उसाचा हिशेब गेलाच. आणि पेनड्राइव्हवर प्रणाली चढवताना त्यावरचे जुने पुसले जाते. सातबाऱ्याची प्रत, लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवा.