कळफलकावरील आपली खूण

धरमपुरीसारख्या नर्मदाकाठच्या बाजारगावी जुन्या पेढीची वही उघडली म्हणजे एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. लिहिणाऱ्याने शब्द पुरा लिहिलेलाच नसतो. 'तारीख' याचे 'ता.', 'रुपये' याचे 'रु.', 'राजमान्य राजश्री' याचे 'रा. रा.' असा संक्षेप सर्वत्र आढळतो. धार व देवास येथील पवारांच्या कारभारात वापरली गेलेली मोडी लिपीही अशीच. लेखणी फारशी न उचलता झरझर लिहिता यावे, हा तिचा गुण होय. वेळ वाचविण्याची विद्या व्यापाऱ्यास नवी नाही. संगणकाच्या कळफलकावर स्वतःचे शॉर्टकट बनविणे ही तिचीच पुढची पायरी आहे.

काही शॉर्टकट तयारच मिळतात. टॅलीमध्ये हिशेब ठेवणारे सभासद जाणतातच की, एफ-५ ने पेमेंटची, एफ-६ ने रिसीटची, एफ-८ ने विक्रीची व एफ-९ ने खरेदीची नोंद उघडते. परंतु प्रत्येक दुकानाची निकड निराळी. म्हणून आपली खूण आपणच ठरवावी लागते.

विंडोजमध्ये ही कृती अशी करावी. जो प्रोग्राम वारंवार लागतो, त्याचे शॉर्टकट-चित्र डेस्कटॉपवर ठेवावे. त्यावर माऊसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे. तेथील 'शॉर्टकट की' या चौकटीत टिचकी मारून एखादे अक्षर दाबावे. संगणक त्याच्याआधी कंट्रोल व आल्ट या दोन कळा आपोआप जोडतो. 'ओके' म्हणताच काम झाले. पुढे त्या तीन कळा एकत्र दाबताच तो प्रोग्राम उघडतो.

दुसरी सोय वर्ड व एक्सेलमध्ये आहे. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'प्रूफिंग' या क्रमाने 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' येथे जावे. 'रिप्लेस' मध्ये दोन-तीन अक्षरांची खूण व 'विथ' मध्ये पेढीचे पूर्ण नाव आणि पत्ता लिहावा. मग खूण लिहून जागा सोडताच पूर्ण पत्ता उमटतो. मात्र खूण नेहमीच्या वापरातला शब्द नसावी. अन्यथा पत्रात भलत्याच ठिकाणी पत्ता प्रकट होईल.

येथे आमचाच एक अनुभव सांगणे उचित होईल. आकडेमोडीचा प्रोग्राम चटकन उघडावा म्हणून आम्ही त्यास कंट्रोल, आल्ट व ४ या कळा दिल्या. दुसऱ्या दिवशी बिलात रुपयाचे चिन्ह उमटेना. प्रत्येक वेळी आकडेमोडच समोर येई. कारण साधे होते. २०१० साली स्वीकारलेले ₹ हे चिन्ह 'इंग्रजी (भारत)' या कळफलकावर नेमक्या त्याच तीन कळांनी उमटते. त्या चौकटीत परत जाऊन बॅकस्पेस दाबला तेव्हा आमची खूण पुसली गेली व चिन्ह परत आले. म्हणून नवी खूण ठरविण्यापूर्वी त्या कळा रिकाम्या आहेत की नाहीत, हे एकदा दाबून पाहावे.

एक्सेलमधील मॅक्रोस कळ देताना तर अधिक सावध असावे. ती फाइल उघडी असेतो आपली कळ मूळच्या कळेवर मात करते. कंट्रोल-एस मॅक्रोस दिल्यास जतन करण्याची ती सोयच त्या फाइलीत हरपते. शिवाय मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने सहसा मागे घेता येत नाही. प्रथम फाइलीची प्रत काढावी, मग प्रयोग करावा.

शेवटी एक विनंती. खुणा मोजक्याच ठेवा, आणि त्या सर्व कागदावर लिहून गल्ल्याजवळ लावा. मोडीतील जुन्या वह्या आज कित्येक घरांत जपून ठेवलेल्या आहेत. पण त्या वाचणारे कोणी घरात उरलेले नाही. खुणा जर एकट्या मुनिमाच्या किंवा एकट्या मुलाच्या बोटांतच राहिल्या, तर तो परगावी गेला त्या दिवशी आपला संगणकही तशीच न वाचता येणारी वही होईल. दिवाळीस नवी वही मांडताना तिच्या पहिल्या पानामागे ही यादी उतरून घ्यावी, आणि घरातील मुलाबाळांनी, गृहिणींनी व वडीलधाऱ्यांनी ती एकदा दाबून पाहावी. खूण सर्वांना ठाऊक असेल, तरच ती पेढीची होते.