प्रयोगाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं

गेल्या पावसाळ्यांत रोह्याचे आमचे एक जुने शिक्षक-स्नेही पेण येथें आमच्या घरीं आले. हातांत एक रंगीत पत्रक होतें. त्यांच्या आठ वर्षांच्या नातवास थॅलसीमिया आहे. दर तीन-चार आठवड्यांनीं त्यास दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. 'मूलपेशींच्या नव्या प्रयोगानें रोग समूळ जातो' असें त्या पत्रकांत छापिलें होतें, व त्याकरितां कांहीं लाख रुपये आगाऊ मागितले होते. भाताचें शेत विकावें काय, हा त्यांचा प्रश्न. आम्ही वैद्य नव्हों. परंतु मुलांस जन्मभर 'आधीं प्रश्न नीट वाचा' हेंच शिकवीत आलों. म्हणून हा विषय मिळेल तेथून वाचून काढिला. त्याचें सार वाचकांपुढें ठेवितों.

आमच्या पेण गांवीं गणपतीचे कारखाने पुष्कळ. साच्यांतच खोट असली तर त्यांतून निघणारी प्रत्येक मूर्ति सदोष निघते. रक्ताचेंहि तसेंच आहे. हाडांच्या पोकळींतील मज्जेंत ज्या मूलपेशी असतात, त्या रक्ताचा सांचा होत. थॅलसीमियांत तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन नीट बनत नाहीं. दुसऱ्या कांहीं दुर्मिळ रोगांत पांढऱ्या पेशी दुबळ्या असून साधा संसर्गहि बालकाच्या जिवावर बेततो. बाहेरचें रक्त देणें म्हणजे मूर्ति विकत आणून वेळ निभावणें. सांचाच बदलावयाचा तर मार्ग दोन: भावंडाचा जुळणारा सांचा आणावा, किंवा मुलाचाच सांचा बाहेर काढून, दुरुस्त करून परत बसवावा.

पहिला मार्ग आतां रुळलेला आहे. १९६८ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें डॉ. रॉबर्ट गुड यांनीं प्रतिकारशक्तीवांचून जन्मलेल्या एका तान्ह्या मुलास त्याच्या बहिणीची मज्जा दिली. मुंबईस टाटा रुग्णालयांत १९८३ सालीं नऊ वर्षांच्या एका मुलीस भावाची मज्जा देण्यांत आली. यांत धोका आहेच, व सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो. तथापि थॅलसीमियावर हा मान्य उपचार आहे; तो प्रयोग नव्हे.

दुसरा मार्ग चाचण्यांतून पुढें आला. १९९९ पासून पॅरिस येथें व पुढें लंडन येथें, प्रतिकारशक्ति नसलेल्या २० मुलांच्या मूलपेशींत निर्दोष जनुक घालण्यांत आलें. बहुतेकांची प्रतिकारशक्ति जागी झाली. परंतु कांहीं वर्षांत ५ मुलांस रक्ताचा कर्करोग झाला व त्यांतील एक दगावलें. जनुक वाहून नेणारा विषाणु पेशींत भलत्या ठिकाणीं जाऊन बसला होता. प्रत्येक मुलाची नोंद वर्षानुवर्षें ठेविली होती म्हणूनच हा दोष उघड झाला आणि पुढील विषाणु सुधारतां आले. थॅलसीमियावरील जनुक-उपचारास इंग्लंडांत २०२३ सालीं परवानगी मिळाली, ती १२ वर्षांपासून पुढील रोग्यांस.

आमच्या रायगड जिल्ह्यांतहि असें काम झालें आहे. खारघर येथील टाटा केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेंत ४ जून २०२१ रोजीं देशांतील पहिली कार-टी चिकित्सा झाली. रोग्याच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांस कर्कपेशी ओळखावयास लावून परत देतात. या पेशी पवईच्या आय.आय.टी.च्या संशोधनांतून आल्या. सरकारी परवानगी मिळाली ती ऑक्टोबर २०२३ मध्यें, तीहि १५ वर्षांपासून पुढील रोग्यांकरितां. थोरांस जें मानवलें तें बाळास मानवेलच, असें शास्त्र गृहीत धरीत नाहीं.

मग खरी चाचणी ओळखावी कशी? १५ जून २००९ पासून अशी चाचणी आरंभापूर्वीं राष्ट्रीय नोंदवहींत नोंदविणें सक्तीचें आहे. नोंदणीचा क्रमांक मागावा. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें मज्जारोपणासारख्या मान्य उपचारांवांचून मूलपेशींचा इतर उपयोग हें संशोधनच होय, व संशोधनासाठीं रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नाहींत. २०१९ च्या नियमांनीं चाचणींत इजा झाल्यास उपचार व भरपाई यांची सोय केली आहे. पत्रकांत क्रमांक नव्हता. रक्कम मात्र ठळक होती. स्नेह्यांनीं तें घडी करून खिशांत घातलें.

परंतु आमच्या एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट विसरली जाते. सही आजोबांची नव्हे, आईबापांची लागते. आणि सात वर्षांवरील मुलास समजेल अशा भाषेंत सांगून त्याचाहि होकार घ्यावा लागतो. नातवास कोणीं कांहींच सांगितलें नव्हतें. पुढच्या खेपेस ते त्याला घेऊन आले. आम्हीं साच्याची गोष्ट सांगितली. त्यानें ऐकून घेतलें व विचारिलें, "आजोबा, ह्यानें मी बरा होणार, कीं डॉक्टर नुसतें बघणार?"

कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकानें हाच प्रश्न डॉक्टरांस विचारावा. मान्य उपचार बरें करण्याकरितां असतो. चाचणी मुख्यतः जाणून घेण्याकरितां असते, व त्यांत कोणाचें बरें झालें तर तो लाभ, वचन नव्हे.

मुंबईस धाकट्या बहिणीचें रक्त तपासलें. मज्जा जुळत नाहीं. मुलास रक्त देणें चालूच आहे. शेत विकलेलें नाहीं. आतां त्याच्या फायलींतील प्रत्येक कागद घरांत मोठ्यानें वाचला जातो, आणि वाचतांना त्यालाहि जवळ बसवितात.