मृतांचे दप्तर : बंद पडलेल्या कंपन्या व विसर्जित बँड यांच्या संकेतस्थळांचे जतन

इतिहासाची साधने कशी टिकतात याचा विचार करताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कागद पुष्कळदा उपेक्षेमुळेच टिकतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड प्रसिद्ध केले. अशा खंडांतील कितीतरी पत्रे वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेल्या स्थितीत पिढ्यान्‌पिढ्या पडून होती. घराण्याची सत्ता गेली, पेढी बुडाली, वंशजांना मोडी वाचता येईनासे झाले. तरी वाळवी व ओल यांतून वाचलेला रुमाल सोडला की पत्र वाचता येत असे. त्यास हात न लावण्याला काही खर्च नव्हता.

संकेतस्थळाच्या बाबतीत हा न्याय नेमका उलटा आहे. त्याचे अस्तित्व तीन गोष्टींवर अवलंबून असते : डोमेन नावाचे शुल्क वेळच्या वेळी भरणे, सर्व्हरचे भाडे देत राहणे आणि सर्व्हरवरील आज्ञावली चालू स्थितीत ठेवणारा माणूस असणे. यांपैकी एकही गोष्ट खंडित झाली, की पृष्ठ दिसेनासे होते. कंपनीचे दिवाळे निघाले किंवा बँडमधील मंडळी एकमेकांपासून दूर झाली, म्हणजे या तिन्ही गोष्टी बहुधा एकदमच थांबतात. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पृष्ठांपैकी सुमारे ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनंतर उपलब्ध राहिली नव्हती.

या मरणाची रीतही पाहण्यासारखी आहे. 'डॉट कॉम' या वर्गातील नावाची मुदत संपल्यावर निबंधक ते काही काळ, जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत, राखून ठेवू शकतो. त्यापुढे ३० दिवस मूळ मालकाला अधिक दंड भरून नाव सोडविता येते. मग पाच दिवसांचा अंतिम टप्पा, आणि त्यानंतर ते नाव कोणालाही घेता येते. नामांकित बँडच्या नावाकडे पूर्वीपासूनच पुष्कळ दुवे वळलेले असतात. त्यामुळे अशी नावे जाहिरातदार तत्परतेने उचलतात, आणि जुन्या लेखातील दुवा वाचकाला भलत्याच दुकानात नेऊन सोडतो. पुस्तक हरवले तर फळीवर निदान त्याची जागा रिकामी दिसते. येथे रिकामी जागाही उरत नाही.

कंपन्यांच्या इतिहासात या हानीला विशेष अर्थ आहे. यशस्वी कंपनी आपली कागदपत्रे जपते, आपला इतिहास लिहवून घेते. बुडालेल्या कंपनीच्या वतीने हे काम करणारा कोणी नसतो. लंडन येथील 'बू डॉट कॉम' ही कपडे विकणारी कंपनी नोव्हेंबर १९९९ मध्ये ग्राहकांसाठी खुली झाली आणि मे २००० मध्ये अवसायनात गेली. अमेरिकेतील 'पेट्स डॉट कॉम' या कंपनीने फेब्रुवारी २००० मध्ये आपले भाग बाजारात विक्रीस आणले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात व्यवसाय गुंडाळला. त्या काळची व्यापारबुद्धी कोठे चुकली, हे समजून घ्यावयाचे तर केवळ टिकून राहिलेल्या कंपन्यांचा पुरावा पुरेसा नाही. बुडालेल्यांनी ग्राहकाला काय वचन दिले होते, माल कसा मांडला होता, किंमत काय लावली होती, हे पाहावे लागते. आणि हे सर्व त्यांच्या संकेतस्थळावरच होते. हाच विचार करून मेरीलँड विद्यापीठातील डेव्हिड कर्श यांनी २००२ साली अशा कंपन्यांचे व्यवसाय-आराखडे व तत्सम कागदपत्रे जमविण्याचा उपक्रम आरंभिला.

बँडची गोष्ट याहून नाजूक आहे. कंपनीची निदान नोंदणी सरकारदप्तरी असते. चार मित्रांनी स्थापिलेल्या बँडची कोठेच नसते. कार्यक्रमांच्या तारखा, सभासदांची नावे, गीतांचे शब्द, स्वतः ध्वनिमुद्रित केलेली गाणी, हे सारे संकेतस्थळावर असते आणि त्याच्याबरोबर जाते. पुष्कळ बँडनी तर स्वतंत्र स्थळ न उभारता दुसऱ्याच्या स्थळावर बिऱ्हाड केले, आणि घरमालक बदलताच बिऱ्हाडही उठले. 'एमपीथ्री डॉट कॉम' या स्थळावर असंख्य अप्रसिद्ध कलावंतांची गाणी होती. २००३ साली त्याचे नाव दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि जुना संग्रह काढून टाकण्यात आला. 'मायस्पेस'ने मार्च २०१९ मध्ये मान्य केले, की सर्व्हर बदलताना २०१६ पूर्वीची गाणी, छायाचित्रे व चित्रफिती नष्ट झाल्या. त्यांपैकी सुमारे ४ लक्ष ९० हजार गाणी पुढे मिळाली, ती २००८ ते २०१० या काळात एका विद्याविषयक संशोधकगटाने अभ्यासासाठी उतरवून घेतली होती म्हणून. तीच गोष्ट 'इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह'ची. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९३ साली सुरू केलेला हा संग्रह २००६ साली बंद पडला. परंतु तत्पूर्वी करून ठेवलेली त्याची प्रत २०१२ साली पुन्हा अभ्यासकांना खुली झाली. दोन्ही वेळा जे वाचले ते मालकाच्या व्यवस्थेमुळे वाचले नाही, परक्याने वेळीच प्रत केली म्हणून वाचले.

अशी प्रत करण्याची पद्धत थोडक्यात येणेप्रमाणे आहे. 'क्रॉलर' नावाची आज्ञावली एका पृष्ठापासून आरंभ करते, त्यावरील प्रत्येक दुव्याचा माग काढते आणि सर्व्हरने दिलेले उत्तर तारीख-वेळेसह जसेच्या तसे साठविते. या साठवणुकीचा 'वॉर्क' हा फाइलप्रकार २००९ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरला. ब्रूस्टर काल यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'चा या मार्गाने जमलेला संग्रह २००१ पासून 'वेबॅक मशीन' या नावाने सर्वांस खुला आहे. मोठे स्थळ बंद होणार असे जाहीर होताच धावून जाणारे स्वयंसेवकही आहेत. याहूने 'जिओसिटीज' २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केले, तेव्हा 'आर्काइव्ह टीम' या गटाने त्यातील पृष्ठांचा मोठा भाग आधीच उतरवून घेतला होता.

तथापि ही प्रत म्हणजे मूळ नव्हे, हे संशोधकाने विसरता कामा नये. क्रॉलर केवळ दुव्यांवरून चालतो. शोधचौकटीत शब्द घातल्यावरच जी माहिती बाहेर येते ती त्याच्या हाती लागत नाही. त्यामुळे दुकानाची दर्शनी बाजू मिळते, कोठार मिळत नाही. 'फ्लॅश' या तंत्राने रचलेली पृष्ठे, आणि बँडच्या स्थळांवर हे तंत्र फार लोकप्रिय होते, २०२० अखेर त्याचा आधार संपल्यानंतर साध्या ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली; ती पाहण्यासाठी जुन्या यंत्रणेचे अनुकरण करणारी आज्ञावली लागते. आणखी एक धोका सूक्ष्म आहे. पृष्ठावरील मजकूर एका दिवशी व चित्र दुसऱ्या दिवशी टिपलेले असू शकते. पडद्यावर ती एकत्र दिसतात. परंतु असे पृष्ठ प्रत्यक्षात कधीच अस्तित्वात नसण्याचा संभव असतो. पोथीतील प्रक्षेप ओळखण्याइतकीच सावधगिरी येथे आवश्यक आहे.

मराठी स्थळांच्या बाबतीत या अडचणींत आणखी एक भर पडते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. पण त्याचा वापर रुळेपर्यंत बहुतेक मराठी स्थळे आपापला स्वतंत्र फॉन्ट वापरीत. त्यांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. साठविलेल्या प्रतीत पृष्ठ असले आणि फॉन्टची फाइल नसली, तर वाचकापुढे अर्थहीन रोमन चिन्हांची रांग उभी राहते, आणि त्या मजकुरात मराठी शब्दाचा शोधही घेता येत नाही. रुमाल सुटला, पण मोडी वाचणारा नाही, अशी ही अवस्था होय. यास्तव अशा स्थळाबरोबर त्याचा फॉन्ट आणि कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते अक्षर आहे याचा तक्ताही जपला पाहिजे.

कायद्याची बाजूही पाहणे अगत्याचे आहे. डेन्मार्कने २००५ साली, फ्रान्सने २००६ साली व ब्रिटनने २०१३ साली आपापल्या राष्ट्रीय ग्रंथालयांना संकेतस्थळे जमविण्याचा अधिकार दिला. भारतातील ग्रंथालयांना प्रती देण्याविषयीचा १९५४ चा कायदा व त्यातील १९५६ ची दुरुस्ती यांचा विषय मात्र ग्रंथ व वृत्तपत्रे एवढाच आहे. प्रताधिकाराच्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी संगणकीय प्रत करण्याची मुभा दिली. पण त्या कृतीची बिगर-संगणकीय प्रत ग्रंथालयाकडे आधीच असली पाहिजे, अशी अट घातली. जे जन्मतःच संगणकावर होते, त्याला ही मुभा लागू पडत नाही. शिवाय विसर्जित बँडच्या गाण्यांचे हक्क सभासद, गीतकार व ध्वनिमुद्रण कंपनी यांत विभागलेले असतात, आणि बुडालेल्या कंपनीचे हक्क कोणी विकत घेतले हे शोधणे सोपे नसते. परवानगी मागावी तर कोणाकडे, हाच पहिला प्रश्न होऊन बसतो.

म्हणून जतनाची योग्य वेळ मृत्यूपूर्वीची आहे. स्थळ बंद करणाऱ्याने माहितीसाठ्याची प्रत काढावी, पृष्ठांना आज्ञावलीची गरज न उरेल असे स्थिर रूप द्यावे, मूळ ध्वनिफाइली वेगळ्या ठेवाव्यात आणि त्या कोणी, कोणत्या अटींवर वापराव्यात याचे दोन ओळींचे लेखी पत्र सोबत जोडावे. या कामाला फारसा खर्च नाही. मात्र बंद करण्याच्या घाईत ते राहून जाते. संशोधकाचे कर्तव्यही त्याच जातीचे आहे. पृष्ठाचा आधार घेताच त्याची प्रत सार्वजनिक संग्रहात नोंदवावी आणि प्रबंधात मूळ पत्त्याबरोबर त्या प्रतीचा पत्ता व टिपल्याची तारीख द्यावी. असे न केल्यास प्रबंधाचे विधान उरेल, त्याचा पुरावा मात्र उरणार नाही; आणि पुढील अभ्यासकाला ते विधान तपासून पाहण्याचा मार्गच राहणार नाही.